सकाळच्या गाडीचा आलेख

“आज अठरा मिनिटं, सर.” वर्गात पाऊल टाकतानाच सुप्रियाने सांगितलं आणि ती थेट भिंतीवरच्या आलेखाकडे गेली. एका मिनिटाला एक चौकोन. तिने अठरा चौकोन लाल रंगवले.

साल १९९८. पेठच्या शाळेत गोरख सर नववीला गणित शिकवत. पुस्तकातले आलेख मुलांच्या डोक्यावरून जायला लागले, तेव्हा ते म्हणाले, “रोज डोळ्यांसमोर घडतं असं काहीतरी मोजा.” मुलांनी सकाळची बस निवडली. डोंगराकडच्या वाड्यांतली चौदा मुलं तिनेच येत. तिला उशीर झाला की त्यांचा पहिला तास बुडे, आणि पहिला तास गणिताचाच.

नोंदीचं काम सुप्रियाकडे आलं. ती मेंढपाळाची मुलगी. शाळेच्या मुलांत सगळ्यांत आधी गाडीत चढणारी तीच, आणि वर्षभरात तिची गाडी एकदाही चुकली नव्हती.

सहा आठवड्यांत कागद भरला. काही दिवस कोरे, मग सलग चार-पाच दिवस लालभडक.

“त्यो ड्रायव्हर चिमाजी वर कुठंतरी चहाला थांबत असनार,” सूरज म्हणाला. “डेपोला सांगून बदलूनच टाकू त्याला.”

मुलांनी अर्ज लिहिला. पहिली सही सुप्रियाची. “लई तास बुडालं, सर,” ती म्हणाली. तिला दहावीनंतर पुण्याला शिकायचं होतं.

सरांनी अर्ज खिशात ठेवला. “उशीर किती, ते आलेखात दिसलं. का, ते दिसलं नाही. मी बघून येतो, मग धाडू.”

रविवारी ते, सकाळची गाडी जिथून सुटे त्या शेवटच्या गावी, ओळखीच्यांकडे जाऊन राहिले आणि सोमवारी सकाळी तिथूनच गाडीत बसले. गाडी वेळेवर सुटली. पहिले तीन थांबेही वेळेवर झाले. चौथ्या थांब्यावर, लिंबाच्या झाडाखाली, चिमाजीने इंजिन बंद केलं.

दहा मिनिटं झाली. जवळपास चहाचं दुकान सोडाच, एक घरही नव्हतं. गाडीत भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया होत्या, कामावर निघालेले गडी होते. कुणी हूं की चूं केलं नाही.

सर उठून पुढे गेले. “भाऊ, बिघडली का गाडी?”

“न्हाई वो. एका पोरीसाठी थांबलोय.” चिमाजीची नजर टेकडीवर होती. “बाप मेंढरं घेऊन लांब गेला, की घरचं समदं तिच्यावर पडतं. तवा उशीर व्हतो तिला. गाडीतल्या मानसांनीच सांगितलंय, पोरीची शाळा चुकवायची न्हाई.”

“तिला ठाऊक आहे हे?”

“कशाला? तिला वाटतं, गाडी आत्ताच आली.”

“आली, आली!” मागून एक बाई म्हणाली. चिमाजीने घाईघाईने इंजिन चालू केलं. टेकडीवरून, दप्तर छातीशी धरून, सुप्रिया पळत येत होती.