अष्टपुत्रीचा झेंडा

वादळाने आमच्या शिडाच्या होडीवरचा पिवळा झेंडा नेला, तेव्हा वैजयंतीने पेटीतून लग्नात नेसलेली पिवळी अष्टपुत्री काढली आणि सरळ कात्री चालवली. मी "अगं, ती नको" म्हणेपर्यंत तुकडा दोरीवर चढलासुद्धा.

परक्या देशाच्या बंदरात नियमच आहे तसा. पासपोर्टवर शिक्के बसेपर्यंत पिवळा झेंडा फडकत ठेवायचा, आणि तोवर कप्तानाशिवाय कुणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. कप्तान मी. दुसरं माणूस ती एकटीच.

"शिक्का मिळाला की मी विमानाने घरी जाणार," तिने वादळ ओसरल्यावर सांगितलं होतं. "जगप्रदक्षिणा तुमची तुम्ही पुरी करा. मला भीती वाटते हे तीन वर्षं सांगतेय. तुम्ही ऐकता कुठे?"

दुपारी कचेरीतून परतलो आणि म्हणालो, "साहेब रजेवर आहेत. सोमवारपर्यंत होडीवरच थांबावं लागेल."

तिने चहा टाकला. मला वाटलं, तेवढ्या दिवसांत मन वळेल हिचं.

कप माझ्यापुढे ठेवून तिने माझ्या पिशवीतून दोन्ही पासपोर्ट काढले. आजच्या तारखेचे शिक्के बराच वेळ पाहिले. मग बाहेर जाऊन झेंडा उतरवला, साडीची घालतात तशी त्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"जपून ठेवा. पुढच्या बंदरात लागेल तुम्हाला."