भिंतीलगतचा वाफा

देलिननं काकडीची आणखी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. ठेचलेला लसूण, काळं व्हिनेगर, वर तिळाचं तेल. जिनान शहरातून विश्रांतीला आलेली पोटुशी सून कंबर धरून सासऱ्यासाठी चुलीपाशी उभी राहिली होती. म्हाताऱ्याला आणखी काय हवं?

"चव आहे पोरी तुझ्या हाताला."

"हाताला कसली, बाबा. काकडीच कोवळी होती," जिंगयी म्हणाली. "शेडातून तोडून आणली."

सासूनं, फेंगश्यानं, तिच्या हातातली वाटीच हिसकावून घेतली. "किती खाल्लीस?"

"का? काय झालं, आई?"

सांगणार कोण? गावात प्रत्येकाची दोन शेतं. प्लास्टिकच्या शेडातलं शहराला, अंगणातल्या भिंतीलगतच्या वाफ्यातलं घरच्या पोटाला. गावात जन्मलेल्याला हे सांगावं लागत नाही आणि बाहेरून आलेल्याला सांगायला कुणाची जीभ रेटत नाही. शेडातल्या मातीवर रासायनिक खताचा पांढरा थर चढला होता. ओल आली की त्यावर तांबडं शेवाळ धरायचं. गांडूळ औषधाला सापडत नव्हतं. काकड्या मात्र पोलिसाच्या दंडुक्यासारख्या सरळसोट यायच्या. शहराला पोट असतं, तोंड नसतं, असं गाव धरून चाललं होतं.

आज ते तोंड समोर बसून जेवत होतं.

"ती आपली नाही गं," फेंगश्या पुटपुटली. "ती विकायची. पोटात बाळ आहे तुझ्या."

जिंगयी चिडली असती तर बरं झालं असतं. ती हसली.

"अहो आई, जिनानच्या बाजारातून आमच्याकडं हीच यायची. लहानपणापासून हीच खात आलेय. तुमचं नातवंडही याच काकडीवर पोसलंय की."

देलिननं फेंगश्याच्या हातातली वाटी घेतली, उरलेल्या फोडी खाल्ल्या, तळाचं व्हिनेगरही पिऊन टाकलं. मग उठून कोपऱ्यातलं फावडं खांद्यावर घेतलं. कैक वर्षांचा ठणकता दात एकदाचा उपटून पडावा, तसं त्याला हलकं वाटत होतं.

"म्हाताऱ्या, भरल्या पानावरून कुठं निघालास?"

"भिंतीलगतचा वाफा मोडायला."

"डोकं फिरलं काय? मग आपण खायचं काय?"

"विकतो ते."