पुढच्या वर्षाचं सोंग

जोलीनच्या घरी ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनचं नवं सोंग दर वर्षी एकच शिवलं जायचं, तेही थोरल्या लेकीच्या, लोरेटाच्या मापाचं. धाकट्या ट्विलाच्या वाट्याला बहिणीचं गेल्या सालचं, चॉकलेटच्या डागांसकट. अख्ख्या नेब्रास्कात इतकी शिळी भुतं दुसऱ्या कुणाच्या घरी नसतील. पण ट्विलाही काही कमी वस्ताद नव्हती. ती वर्षभर आधीच बहिणीच्या मानगुटीवर बसायची.

“लोरे, मला पुढच्या वर्षी राणी व्हायचंय. तेव्हा यंदा तू हो.”

“अगं, मला अस्वल व्हायचं होतं.”

“अस्वल नको. माझ्या अंगावर ते उंदीर दिसेल.”

एवढं म्हटलं की लोरेटा मुकाट्यानं ट्विला सांगेल ते व्हायची. गेल्या साली ती अशीच राणी झाली होती.

यंदा जुलैत लोरेटा मेंदूच्या तापानं गेली.

ऑक्टोबर संपत आला तरी जोलीनला शिवणयंत्रावरचं झाकण काढवेना. शेवटी एका दुपारी तिनं धीर केला, ट्विलाला समोर उभं केलं आणि तिच्या खांद्याला टेप लावली.

“यंदा तुला कोरं करकरीत शिवते, बाळा. तुझ्याच मापाचं. सांग, काय व्हायचंय?”

“राणी. ते ठरलेलंच आहे. लोरेच्या झग्याच्या बाह्या तेवढ्या आखूड कर.”

“बरं.”

ट्विला जरा वेळ टेपच्या टोकाशी चाळा करत राहिली.

“पण आई, पुढच्या वर्षीचं आता कुणाला सांगू?”