दोरीला धरून

पाण्याच्या पिंपावरचं झाकण खडखडलं.

बालवाडीत निजायची वेळ होती. खोलीभर सतरंज्या आणि त्यांवर आडवी झालेली पोरं. कुणी अंगठा चोखत होतं, कुणी शेजारच्याच्या पोटावर पाय टाकून घोरत होतं. बाई दाराजवळच्या खुर्चीत बसून कागदाचे मासे कापत होत्या. मांजर शिरलं की काय, म्हणून त्यांनी मान वर केली.

मग तावदानं थरथरली. खालून जड ट्रक गेल्यासारखी सगळी खोली हलली आणि छताच्या गिलाव्याला तडतडत चिरा गेल्या.

धूळ खाली बसली तेव्हा पोरं अंगणात होती. सरावात करतात तशीच. एक लांब दोरी, तिला गाठी, एकेका गाठीवर एकेक मूठ. सगळ्यांत पुढे बाईंची स्वतःची लेक, भिंगरी. नियमच होता तसा. मोठ्या पोरानं दोरी धरून पुढे चालायचं, आणि आत कुणी उरलं नाही ना हे बघून बाईंनी शेवटी निघायचं.

बाई फाटकापाशी उभ्या होत्या. हातात अजून कात्री होती.

त्यांनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. सगळी होती. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. तेव्हा कुठे त्या तिथेच मातीत बसल्या.

आईबाप धावत आले. शिवणकामवाली गळ्यातल्या टेपसकट आली, पंक्चरवाला काळ्या हातांनी.

"बाई, कसे उपकार फेडायचे तुमचे?" शिवणकामवालीनं लेकाला उराशी आवळून विचारलं.

"अहो, पोरंच शहाणी आहेत."

"शहाणी कसली! घरी एक चप्पल घालायला माझं डोकं खातो हा." तिला रडता रडता हसू फुटलं. "आमच्याकडची गंमत ऐका. जमीन हलली आणि आमचे हे टीव्हीचा रिमोट घेऊन थेट रस्त्यावर! मी आणि सासूबाई आतच. वर मलाच विचारतात, 'तू का नाही आलीस?' आता जन्मभर ऐकवणार आहे मी."

सगळे खो खो हसले. बाई कात्रीतून बोटं सोडवत होत्या. ती सुटत नव्हती.

पंक्चरवाला खोलीत डोकावून आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"गिलावा सतरंज्यांवरच पडलाय. हे एवढाले तुकडे. जरा उशीर झाला असता तर..."

हसू विरलं. आयांनी आपापली पोरं आणखी जवळ ओढली.

"आणि बाई शेवटपर्यंत आत!" कुणीतरी म्हणालं.

"दार उघडंच राहिलंय," बाई उठत म्हणाल्या. "लावून येते."

मोबाइलवर बातमी आली. धक्का किरकोळ, गावाजवळच. जमिनीत फार खोल नव्हता म्हणून एवढा जाणवला. नुकसान काही नाही.

"नुकसान नाही ते बाईंमुळे," बालवाडीचे अध्यक्ष म्हणाले. "सत्कार करायचा आपण यांचा."

"नको हो, खरंच नको."

"नको काय! उद्यापासून पोरं पाठवायची ती कुणाच्या भरवशावर?"

भिंगरी अजून दोरी धरून उभी होती. बाईंनी तिची मूठ हलकेच उघडली. तळहातावर गाठीचा लाल वळ उठला होता. त्यांनी त्यावर फुंकर घातली.

"भ्यायलंय लेकरू," शिवणकामवाली म्हणाली.

दोघी घरी निघाल्या. इतर पोरांना वाईट वाटू नये म्हणून बालवाडीत भिंगरीनंही आईला 'बाई'च म्हणायचं, असं ठरलेलं होतं. फाटकाबाहेर पाऊल पडलं, की मग दिवसभर साठलेलं 'आई, आई' सुरू व्हायचं. आज फाटक मागे पडलं, किराणा दुकान गेलं, तरी ती गप्पच होती.

"दुखतंय का गं कुठे, राणी?"

तिनं नुसती मान हलवली.

दवाखान्याच्या वळणावर ती थांबली आणि वर बघून, भूक लागली सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "तू पळत होतीस ना, तेव्हा मी 'बाई, बाई' म्हणून किती ओरडले. 'आई' म्हटलं असतं, तर थांबली असतीस?"