मुक्काम पोस्ट ऑटोबान

आईला विमानतळावरून थेट कॅरॅव्हॅनमधून, चाकांवरच्या घरातून, हिंडवायची गौरांगची हौस. तिला आणायला जाताना ऑटोबानवर, म्हणजे जर्मन हायवेवर, फ्रँकफर्टच्या अलीकडे कॅरॅव्हॅनचाच टायर फुटला. मेकॅनिक येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून त्याच्या बायकोने, मैथिलीने, हायवेकडेच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, पोह्यांचा कांदा चिरला. पोह्यांना वाफ येईतो कॅम्पिंगची जागा समजून शेजारी चार जर्मन कॅरॅव्हॅन येऊन लागल्याही.

मेकॅनिकने जॅक काढताच हाफ पँटमधले एक आजोबा तरातरा आले. "आल्झो, हे काय! कॅम्पिंगमध्ये दुपारी एक ते तीन आवाज बंद!"

"या, गेनाऊ! अगदी बरोबर," म्हणत मेकॅनिकने जॅक ठेवला आणि खुर्ची मागितली.

तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवरून आईचा फोन आला. "अरे गौरांगा, उतरले मी! इथे कुणाचं काही कळत नाही. आहेस कुठे तू?"

गौरांग कुजबुजला, "आई, जरा हळू बोल ना. लोक झोपलेत."