सोळावी चौकट

भिमाजीचा सावळीराम, सावळीरामाचा वाल्मीक आणि वाल्मीकाचा दिनेश. पणजोबा भिमाजी कळवणहून गाठोडे घेऊन मखमलाबादेत आले, त्या दिवशी गावात पंगत बसली होती. परक्याला कोण विचारणार? गावातल्याच मालनबाईंच्या आजेसासऱ्यांनी मांडी आवरली, शेजारी पत्रावळ मांडली आणि म्हणाले, “बैस.” त्या पत्रावळीचे ऋण घरात तीन पिढ्या सांगितले गेले, फेडले कुणी नाही.

आज सत्तरीच्या मालनबाई फुलांच्या शेडमध्ये आपल्या झेंडूच्या चार क्रेटपाशी उभ्या होत्या. टेम्पो बाजाराला निघून गेला होता. फुले पिकवणाऱ्या बायकांच्या गटासाठी दिनेशने मोबाइलचे अ‍ॅप केले होते. ड्रायव्हर त्यातली नावे पाहून माल भरी. कालच गटात आलेल्या मालनबाईंचे नाव त्याला दिसलेच नव्हते.

“दिनू, मी नको असंल तर तोंडावर सांगायचं.”

“तसं नाही हो, आजी. नाव मी कालच घातलंय.”

“मग दिसत का नाय?”

दिनेशने लॅपटॉप उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. गटात बायका पंधरा, म्हणून पडद्यावर त्याने पंधराच चौकटी आखून ठेवल्या होत्या. सोळाव्या नावाला चौकटच नव्हती.

“आणखी कुणी येईल, हे डोक्यातच आलं नाही,” तो पुटपुटला.

फुले निवडणाऱ्या त्याच्या आईचा, उज्वलाबाईंचा हात थांबला. “भिमाजीच्या घरात जन्मून?”

दिनेश उपड्या क्रेटवर बसला. आखलेल्या पंधराही चौकटी त्याने पुसल्या. यादीत जितकी नावे, तितक्या चौकटी अ‍ॅपने त्या त्या वेळी आपण होऊन मांडाव्यात, असे लिहिले आणि मोबाइल मालनबाईंपुढे धरला.

त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवले. “उद्या सतरावी आली तर?”

“तिचीही मांडली जाईल. येईल तिची.”

मालनबाईंनी बोट उचलले. “आमच्या आजेसासऱ्यांनीबी पत्रावळी मोजल्या नव्हत्या,” त्या म्हणाल्या. “फिटलं बाबा तुमचं. सगळं फिटलं.”

दिनेश खाली वाकून चारही क्रेट आपल्या मोटारसायकलला बांधत राहिला. गाठ केव्हाच घट्ट बसली होती.