सरळ विमान

परदेशातल्या मुलानं फोनवर पाठवलेलं तिकीट कागदावर छापून घ्यायला बाई तिकीट एजंटाकडे आल्या होत्या. एजंट त्यांचाच जुना विद्यार्थी. डोक्याला टक्कल पडलं, तरी बाई समोर बसल्या की त्याचे हात अजून आपोआप टेबल आवरायला लागायचे.

कागद हातात घेऊन त्यानं कपाळाला आठी घातली.

"बाई, हा तर एकोणतीस तासांचा प्रवास आहे. दोनदा विमान बदलायचं. मधल्या विमानतळावर अकरा तास खुर्चीत."

"लांबच आहे रे ते. सात हजार किलोमीटर. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी."

"अहो, सरळ विमान नऊ तासांत जातं. रोज असतं." बोलण्याच्या भरात तो पुढे गेला. "मागच्या महिन्यात तुमच्या विहीणबाईंना मीच त्यावर बसवलं. तुमच्या मुलानंच सांगितलं होतं की..." आणि त्यानं जीभ चावली.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. तिथूनच मुलाला फोन केला.

"अगं, त्यांना कंबरेचा त्रास आहे," मुलगा म्हणाला. "एवढं बसवत नाही त्यांना."

"आणि माझे गुडघे?"

"तू कधी काही बोलली नाहीस. तू कणखर आहेस गं. आणि नुसतं बसायचंच तर आहे."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जिना चढताना कठड्याला धरून त्या मधल्या पायरीवर किती वेळ उभ्या राहायच्या, याचा मुलाला त्यांनी कधी वाससुद्धा लागू दिला नव्हता. त्याचं हे बक्षीस! जो रडेल त्याला उशी, आणि जो गप्प बसेल त्याच्या डोक्यावर गाठोडं!

"रद्द कर ते तिकीट."

"आई, काय लहान मुलासारखं करतेस! सोमवारपासून ही कामावर जाणार. सहा महिने बाळाला कोण सांभाळणार?"

"सहा महिने?"



"म्हणजे... आलीस की राहशीलच ना. तिथे एकटीला तुला काम तरी काय आहे?"

"नात बघायला ये, म्हणाला होतास तू!" बाईंचा आवाज एवढा चढला की दारात आलेलं गिऱ्हाईक तिथेच थबकलं. "विहीणबाई किती दिवस राहिल्या?"

"पंधरा. पण त्या पाहुण्या होत्या, आई."

 बाईंनी फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली. पासपोर्ट मात्र बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. एजंटानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

"सरळ विमानाचं काढ," त्या म्हणाल्या. "माझं मी काढतेय."

त्यानं निमूटपणे नाव, जन्मतारीख भरली. मग मान वर न करताच विचारलं,

"परतीचं कधीचं, बाई?"

"पंधराव्या दिवसाचं. पाहुण्यांनी त्याहून जास्त राहू नये."